येळवशीचा जबाब

माझ्या लेकीचं, वैष्णवीचं, लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. वैशाखातला मुहूर्त होता. माणसं मांडवाचे डहाळे आणायला गेली होती आणि त्याच सकाळी माझा मुलगा रणधीर जळकोटच्या थांब्यावर एसटीतून उतरून चालत घरी आला. चार वर्षांनी येत होता. हातात एक कापडी पिशवी, बाकी काही नाही. आखातात ट्रेलर चालवणारा माणूस बहिणीच्या लग्नाला येतो आणि पिशवीत दोन शर्ट घेऊन येतो, हे मला खटकलं होतं. पण त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि रडायला लागली. मी तो विषय तिथंच टाकला.

लग्नात रणधीरनं तिन्ही पंगती वाढल्या. पाहुणे म्हणाले, भाऊ असावा तर असा. लग्न उरकलं, वैष्णवी सासरी लातूरला गेली, तरी रणधीर परत जायचं नाव काढीना. विचारलं तर म्हणायचा, करार संपला. फोन वाजला की उचलायचा नाही, उशीखाली सारायचा.

आषाढात एका दुपारी वडापच्या जीपमधून एक बाई उतरल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, पातळ धुऊन धुऊन विरलेलं. ओट्यावर बसल्या. मला ओळख लागेना.

"मी वीरप्पाची आई, अण्णा. शिवम्मा."

मग ओळख लागली. वीरप्पा आणि रणधीर एकाच वर्षी जड वाहनाचं लायसन काढायला गेलेले, एकाच एजंटाकडून तिकडं गेलेले, एकाच खोलीत राहणारे. त्यांचं गाव कर्नाटकाच्या शिवेला लागून. घरात कानडी, बाजारात मराठी. वीरप्पा दोन वेळा आमच्याकडं जेवून गेला होता. शिवम्मांना नवरा नव्हता आणि वीरप्पाशिवाय दुसरं मूल नव्हतं.

"रणधीर परत कधी जातो, अण्णा?"

"आत्ता तर आलाय की. का बरं?"

"तो गेला की आमचा वीरप्पा येतो. म्हणून विचारले मी."

मला काही उमगलं नाही. त्यांना वाटत होतं की आम्हाला सगळं ठाऊक आहे, म्हणून त्या सांगत नव्हत्या. शेवटी मी रणधीरला हाक मारली. तो आतून आला, शिवम्मांना बघितलं आणि सरळ त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बरा हाईस का बाळ?" म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं खाली मान घालून सांगितलं ते असं. तिकडं एका बांधकामावर तो ट्रेलर मागं घेत होता आणि एका हातानं फोनवर बोलत होता. मागं एक मजूर होता, बांगलादेशचा. तो चाकाखाली गेला आणि मेला. कोर्टानं रणधीरला दोन वर्षांची शिक्षा दिली. वरच्या कोर्टात अपील करेपर्यंत बाहेर राहायचं तर तिकडं जामिनाला दुसऱ्या माणसाचा पासपोर्ट ठेवावा लागतो. वीरप्पानं आपला ठेवला. एक महिन्यानं रणधीर वाळवंटातली शीव ओलांडून शेजारच्या देशात गेला, तिथल्या आपल्या वकिलातीत पासपोर्ट हरवला म्हणून सांगितलं आणि घरी यायचा कागद मिळवला. वीरप्पा तिकडंच अडकला. पासपोर्ट नाही, कामाची परवानगी संपलेली, कुणी कामावर ठेवीना. रविवारी कुणाच्या तरी फोनवरून आईशी बोलायचा.

"कोर्ट वाईट न्हवतं का?" मी विचारलं. मला काहीतरी आधार पाहिजे होता. "त्यांची भाषा तुला येत न्हाय. काय बोलले, काय लिवून घेतलं, तुला काय कळलं असंल?"

"दुभाषी दिला व्हता, आबा," रणधीर म्हणाला. "जज्जानं इचारलं, फोनवर व्हतास का. म्या म्हणलं, व्हय. खरंच व्हतो."

शिवम्मा चहा पिऊन गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "पेरणी उरका. मग पाठवा."

त्या गेल्यावर रणधीरनं तीच कापडी पिशवी खुंटीवरून काढली. "म्या जातो आबा. दोन वर्षं काय, निघून जातेल." तेव्हा मी त्याला जा म्हणालो असतो, तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती. मी म्हणालो, "थांब. वकिलाला इचारू." पिशवी त्याच्या हातातून घेऊन मीच खुंटीला अडकवली.

वकिलाकडं माझा चुलतभाऊ अमरसिंह गेला. तो दोन वेळा सरपंच होता, त्याला ऑफिसात बोलायची सवय. तुळजापुरातून परत आला तो जीपमधून उतरायच्या आधीच ओरडला, "दादा, पेढे काढा! आपला देश आपला माणूस देत न्हाय!"

ओट्यावर दहा-बारा माणसं जमली. वैष्णवी पंचमीला म्हणून माहेरी आलेली होती, तीही दारात उभी राहिली. अमरसिंहानं समजावून सांगितलं. त्या देशाशी आपला करार आहे, तिकडचा गुन्हेगार इकडं आला तर एकमेकांना द्यायचा. पण त्यात एक कलम आहे, की स्वतःचा नागरिक कुणी द्यायचा नाही. फार तर त्यांनी कागद पाठवायचे आणि खटला इथं चालवायचा. तेही त्यांनी मागणी केली तर.

"देणारच कसं?" अमरसिंह म्हणाला. "आपला बैल दुसऱ्याच्या रानात शिरला, तर आपण बैल सोडवून आणतो का त्याच्याच दावणीला बांधून येतो?"

"मारका बैल असंल तर बांधूनच यावं," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

वैष्णवी दारातूनच म्हणाली, "काका, आपला बैल घरी आणला आन त्याच्या बदली तिसऱ्याच माणसाचा बैल कोंडवाड्यात घातला, तर?"

"तू लातूरला गेलीस आन लई शानी झालीस."

"वीरप्पाबी आपल्याच देशाचा नागरिक हाय का न्हाय, तेवढं सांगा की."

"त्याला कुणी सांगितलं व्हतं पासपोर्ट ठिवायला?"

यावर ओट्यावरचं कुणीच हसलं नाही. रणधीर उठून गोठ्यात गेला. मी वैष्णवीला म्हणालो, "आत जा, चहाचं बघ." ती गेली. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते मला चांगलं आठवतं. मला वाटलं होतं, देशानंच द्यायचं नाही असं ठरवलंय, तर मी कोण देणारा? एवढा मोठा देश माझ्या बाजूनं उभा आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

शिवम्मा दर महिन्याला यायच्या. कधी हरभऱ्याची डाळ आणायच्या, कधी चिंच. रिकाम्या हातानं आल्या नाहीत. पाठवा असं परत कधी म्हणाल्या नाहीत. नंतर मला कळलं, की त्या धाराशिवला कलेक्टर कचेरीत जात होत्या, त्यांचा पुतण्या शिवशरण त्यांना अर्ज लिहून देत होता आणि तो अर्ज दिल्लीपर्यंत गेला होता.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात चूल पेटत नाही, गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. शाळूच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करून कोपीभोवती अंबील शिंपडत फेरी मारायची आणि मग जेवायला बसायचं. पालेभाज्या आणि ओल्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, खीर. वाटेनं जाणारा माणूस कोण, कुठला, हे विचारायचं नाही. आधी ताटावर बसवायचं.

वैष्णवीची लग्नानंतरची ती पहिली येळवस, म्हणून ती माहेरी आली होती. तिचा नवरा कृष्णराज आपल्या घरच्या रानात होता. प्रत्येकाला आपापलं रान असतंच. आमच्या कोपीत आम्ही घरचे, अमरसिंहाचं कुटुंब आणि शेजारचे पाच-सहा जण होतो. रणधीर कोपीच्या तोंडाशी बसून बिंदग्यातली, म्हणजे मातीच्या लहान घड्यातली, अंबील पेल्यात ओतून देत होता. तिकडून आल्यापासून त्यानं दाढी ठेवली होती.

बांधावर मोटारसायकल थांबली. ठाण्याचे जमादार होते. नवीन बदलून आलेले, आमच्यातल्या कुणाला ओळखत नव्हते.

"लिंबाजी कोण?"

"म्या. या साहेब. आज काम मागून. आधी जेवा."

"सकाळधरनं तीन कोपीत जेवलोय आबा, पोट फुटंल."

"मग चौथीत फुटू द्या," अमरसिंह म्हणाला. जमादार हसले, चपला काढून आत आले. माणूस चांगला होता. मांडी घालता घालता म्हणाले, "तुमच्या मुलाची चौकशी आलीय. रणधीर. परदेशातलं प्रकरण हाय." आणि अंबिलीचा पेला घ्यायला त्यांनी हात पुढं केला. पेला देणारा रणधीरच होता.

"हे कोण?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते मला आज सांगता येत नाही. अमरसिंह माझ्या आधी बोलला.

"हे? हे आमचे जावई. कृष्णराज. पहिलीच येळवस हाय त्यांची."

"अरं वा!" जमादार म्हणाले. "मग जावयाला कामाला लावलंय व्हय? बसा, जावईबापू, बसा माझ्या पंगतीला. अगं पोरी, आधी नवऱ्याला वाढ. आम्ही काय, रोजचेच खाणारे."

वैष्णवी भज्जीचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. मग तिनं वाकून आपल्या भावाच्या ताटात वाढलं.

"जावईबापू लई लाजाळू हायत," जमादार म्हणाले. "का सासुरवाडीची भज्जी तिखट झाली?"

लोक हसले. मीही हसलो.

रणधीरनं घास उचलला नाही. वैष्णवी पातेलं खाली ठेवून बांधावर गेली आणि बोरीच्या झाडाखाली आमच्याकडं पाठ करून बसली. तुळजाबाई तिच्यामागं गेली. सख्ख्या भावाला चारचौघांत नवरा म्हणून वाढायला लावलं होतं आम्ही तिला आणि ते लावणाऱ्यांत तिचा बाप होता.

जेवण झाल्यावर जमादारांनी हात धुतले आणि खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. "चष्मा घरी राहिला. ठाण्यात घाईत वरवर बघितलं मी. कुणाला वाचता येतं?"

"दादाला येतं की," अमरसिंह म्हणाला. "पन्नाशीला आल्यावर पोरीनं शिकवलंय. आता अख्खा पेपर वाचतो."

ते खरं होतं. वैष्णवी चौथीत होती तेव्हा एका पावसाळ्यात तिनं मला पाटीवर अक्षरं शिकवली होती. मला वेळ लागतो, ओठ हलतात, पण मी वाचतो.

पहिला कागद पासपोर्टची झेरॉक्स होता, फोटो नुसता काळा. दुसरा कागद मी वाचायला घेतला. सरकारी मराठी होती. मयत नूरुल हक, वय सव्वीस, असं एका ओळीत होतं. त्याआधी मला त्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं. पुढं लिहिलं होतं, की सदर रणधीर हा हयात असून मूळ गावी राहत असल्याची खात्री झाल्यास त्याचा जबाब नोंदवून पाठवावा, म्हणजे जामीनदार वीरप्पा यांचा पासपोर्ट सोडण्याबाबत तिकडच्या शासनाशी पुढील पत्रव्यवहार करता येईल. आणि शेवटी, की सदर इसमाच्या ताब्याबाबत कोणतीही मागणी प्राप्त झालेली नाही.

शेवटची ओळ मी दोन वेळा वाचली. रणधीरला कुणी नेणार नव्हतं. त्यानं फक्त म्हणायचं होतं, की मी इथं आहे, मी आपणहून आलो, वीरप्पाचा त्यात हात नाही.

"काय म्हणतंय?" अमरसिंहानं विचारलं.

मी कागदाची घडी घातली. "पत्ता इचारत्यात रणधीरचा."

असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर भीती. आज मागणी नाही, पण तो इथं आहे हे एकदा कळलं की उद्या करतील, खटला इथं उभा राहील, पोरगा इथल्या तुरुंगात जाईल. पण खरं त्याहून हलकं आहे. आमच्या कोपीत बसवून, आमचं अन्न वाढून, आम्ही त्या माणसाला फसवलं होतं. आता खरं सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं. पंगतीतल्या माणसांपुढं तोंड काळं होईल म्हणून मी एका पोराला परदेशात सडत ठेवलं.

"मग काय लिहू?" जमादारांनी गुडघ्यावर वही ठेवली.

"लिवा, चार वर्षं झाली गेला त्याला. इकडं आला न्हाय."

"लग्नालाबी न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी वही लांब धरून आपलं ठळक अक्षर वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली. रणधीर माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. कागदात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, बाप आपल्याला वाचवतोय.

गावाकडं परतताना वैष्णवीनं मला गाठलं. "आबा, सगळा कागद वाचला का?"

"वाचला की. पत्ताच इचारलाय."

तिनं विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती लातूरला गेली. त्यानंतर वर्षभर माहेरी आली नाही.

पौषात शिवम्मा आल्या. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता. ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाल्या, "अण्णा, जमादार आला होता न्हवं? शिवशरण म्हणतो, कागद तुमच्या ठाण्याला गेला. काय लिवलं होतं त्यात?"

मी म्हणालो, "मला काय ठावं, अक्का. मला वाचता कुठं येतंय?"

"होय की," त्या म्हणाल्या. "मलाबी येत न्हाई बघा. आपल्यासारख्याचं असंच. कागद आपला, आणि वाचणारा दुसरा." आणि माझ्याकडं बघून हसल्या, आपल्या माणसाकडं बघून हसावं तशा.

तुळजाबाई आतून चहा घेऊन आली होती. तिनं ऐकलं. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं रोज मी वाचून द्यायचो, सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली. त्या दिवसापासून ती पाकिटं शेजारच्या सुनेकडं घेऊन जायला लागली.

चैत्रात, पाडव्याच्या नंतर, शिवम्मा शिवशरणच्या मोटारसायकलवर आल्या. शिवशरणच्या हातात उत्तर आलेलं होतं, त्याला मूळ कागदाची आणि जबाबाची नक्कल जोडलेली. रणधीर आत होता. शिवशरण ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचायला लागला. सदर इसम चार वर्षांपासून गावी आलेला नाही, असा त्याच्या वडिलांनी जबाब दिला आहे. सबब, पुढील कार्यवाही शक्य नाही.

रणधीर बाहेर आला. शिवशरणच्या हातातून कागद घेतले आणि सगळे वाचले. मला जेवढा वेळ लागला होता त्याच्या पावपटही लागला नाही.

"आबा, यात मला नेणार असं कुठंय?"

त्यानं कागद माझ्यापुढं धरला.

"तुमी वाचलं व्हतं?"

"व्हय."

"समदं?"

"समदं."

शिवम्मांनी मान वळवली. "वाचता येत न्हाई म्हणाला होता न्हवं, अण्णा?"

शिवशरण कानडीत काहीतरी जोरात बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला आणि तो मला लागू होता. शिवम्मांनी त्याला हातानं थांबवलं. मग जबाबाचा कागद त्यांनी मांडीवर घेतला, माझ्या सहीवर बोट ठेवलं. "हे तुमचं नाव?"

"व्हय."

"माझं नुसतं बोट उमटतं," त्या म्हणाल्या.

रणधीरनं पायात चपला घातल्या. "शिवशरण, चल. ठाण्यात सोड मला." दोघं गेले. शिवम्मा मागं राहिल्या, माझ्याच ओट्यावर. दुसरीकडं कुठं बसणार होत्या? ऊन चढलं, ओट्यावरची सावली सरकत भिंतीला लागली. तुळजाबाईनं त्यांना भाकरी आणि आमटी आणून दिली. त्या जेवल्या. मी खांबाला टेकून बसून होतो. उठून जायची हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "किती दिवस लागले शिकायला?"

"एक पावसाळा."

"म्हणजे लई जड न्हाई," त्या म्हणाल्या. तेवढंच.

ऊन उतरताना दोघं परत आले. रणधीरला बघून जमादार खुर्चीतून उठलेच म्हणे. "जावईबापू, तुम्ही?" पण जबाब घेतला. चार दिवसांनी मला बोलावून माझा दुसरा जबाब घेतला. साहेब मला बोलले, ते मी इथं लिहीत नाही. मी ऐकून घेतलं.

मला वाटलं, आता झालं. पण एका ठाण्यातून एकाच माणसाबद्दल दोन कागद गेले होते. एक म्हणत होता, तो आलाच नाही. दुसरा म्हणत होता, तो वर्षभर इथंच आहे. दिल्लीनं विचारलं, खरा कुठला? तिकडच्या देशानं विचारलं, जो माणूस नाही म्हणून तुम्हीच कळवलं तो आता कुठून आला? कधी फोटो मागितले, कधी बोटांचे ठसे. एका पत्राला चार महिने, त्याच्या उत्तराला पाच. रणधीरनं प्रत्येक वेळी जाऊन पाहिजे ते दिलं. मग तिकडून खटल्याचे कागद आले आणि इथल्या कोर्टात केस उभी राहिली. तो तारखांना जातो, मला सोबत नेत नाही. ज्या केसला मी भ्यालो होतो ती झाली आणि त्यात माझ्या पोराचं काहीएक अडलं नाही. तो रात्री झोपतो. आधी झोपत नव्हता.

अमरसिंह अजून म्हणतो, "बघितलं का दादा, शेवटी देशानं दिला न्हाय आपला माणूस." मी त्याच्याशी वाद घालत नाही. देशानं द्यावा की देऊ नये, हे देशानं बघावं. आपला माणूस आपण ठेवून घेतला तर त्याचा गुन्हाही आपण घरात घ्यायला पाहिजे, एवढंच मला कळतं. गुन्हा आपण उंबऱ्याबाहेर ठेवला, म्हणून तो दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला.

त्या दोन वर्षांत शिवम्मा आमच्याकडं आल्या नाहीत. रणधीर महिन्यातून एकदा त्यांच्या गावी जायचा, दळण आणून द्यायचा, दवाखान्यात न्यायचा. त्यांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला होता. वीरप्पाचा फोन रविवारी यायचा. रणधीरसमोर त्या फोनवर म्हणायच्या, "तू ये बाबा. मी बरी हाय."

त्या गेल्या तेव्हा निरोप आला. मी आणि तुळजाबाई गेलो. त्यांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून, फुलं आणि विभूती लावून, त्यांच्या रानाच्या कडेला खड्डा घेतला होता. विधी करणाऱ्या स्वामींनी विचारलं, मुलाच्या जागी कोण? शिवशरण पुढं झाला. रणधीर माती ओढायला खोऱ्या घेऊन उभा होता. मला कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी बांधावर उभा राहिलो. तिथून मला नीट दिसलं नाही आणि पुढं जायचा मला हक्क नव्हता.

वीरप्पाचा पासपोर्ट सुटला. तो घरी आल्यावर आठवड्यानं आमच्या ओट्यावर येऊन बसला. वाळलेला, केस पिकलेले, वय छत्तीस. रणधीर त्याच्याजवळ बसला. दोघं थोडा वेळ तिकडच्या खोलीबद्दल बोलले, तिथला एक स्वैपाकी कसा भाजीत साखर घालायचा ते. हसलेही. मग वीरप्पा माझ्याकडं वळला.

"आबा, आई तुमच्याकडं यायची ना? माझ्याबद्दल काय बोलायची?"

तिनं त्याला सांगितलं नव्हतं. रणधीरनंही नाही. दोघांनी ते माझ्यावर सोडलं होतं.

मी सांगितलं. येळवशीची कोप, कागद, शेवटची ओळ, माझी सही. आणि मला वाचता येत नाही असं मी त्याच्या आईला म्हणालो, ते. ती हसली होती, तेही सांगितलं. काही गाळलं नाही. तुळजाबाई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. वीरप्पानं सगळं ऐकलं. मग उठला, रणधीरच्या खांद्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि गेला. चहा तसाच राहिला.

वीरप्पा घरी पोचला तो सहा मार्च दोन हजार पंचवीस, गुरुवार. त्याची आई शिवम्मा त्याच्या सतरा दिवस आधी, सतरा फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी वारली.